चांदीखालचे आटे

१

"ढकललं! ढकललं! अरे, पोराला ढकललं त्यानं!"

भोंग्यांतून आलेला तो आवाज आता जुना झाला, पण ज्यांनी ऐकला त्यांच्या कानातून अजून उतरलेला नाही. विचारा कुणालाही. त्या शर्यतीला आलेला प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगेल, "मी डोळ्यांनी पाहिलं." खरं तर त्या वळणावर धूळ एवढी होती की आपला हात आपल्याला दिसत नव्हता. पण आवाज होता. डोळ्यांत माती गेली की माणूस कानांनी पाहतो.

गेला तो, शर्यतवाले सगळे जिला आई म्हणतात, तिचा धाकटा. लहानपणी एका जागी उभा राहून गरगर फिरायचा, धपकन पडायचा आणि हसत उठायचा, म्हणून भिंगरी. मोठा झाला, शर्यतीच्या गाडीत बसला, तरी भिंगरीच राहिला. त्या दिवशी त्याच्या गाडीचं पुढचं डावं चाक निखळलं. गाडी कोलांट्या खात कठड्यावर गेली, उलटी पडली आणि पेटली. एक हात बाहेर आला होता. हातमोज्यातली बोटं उघडत होती, मिटत होती. मग मिटलीच.

मागून येणारी गाडी भिंतीवर आदळली. तिचा चालक जगला, एवढाच त्याचा गुन्हा. भिंगरीचा तो जिवाचा सोबती, त्याच गॅरेजात वाढलेला, त्याच ताटात जेवलेला. त्या दिवसापासून त्याचं नाव ढकल्या पडलं. पोरं त्याच्या मागून गात जायची:

ढकल्या ढकल्या, गाडी हाक,
तुझ्या वाटेत कुणाचं चाक?

आईनं तेव्हा एकच मागितलं होतं. "जे निखळलं, ते मला द्या." मग थोरल्यानं, ज्याला शर्यतीची सगळी दुनिया दादा म्हणते, त्या चाकाचा हब काढून आणला. हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो पोलादी गाभा. गवतात सापडलेला त्याचा मोठा नट दादानं स्वतः त्यावर आवळला, नटासकट सगळ्यावर चांदी चढवून घेतली, आणि तोच भिंगरीच्या आठवणीचा करंडक झाला. दिसायला बाळाच्या डोक्याएवढा, उचलायला वरवंटा.

त्या करंडकाची एक रीत होती. जिंकणाऱ्याच्या हातात तो आई देई, पण त्याचं नाव कोरलं जाई पुढच्या शर्यतीच्या सकाळी. वर्षभर सरळ गाडी चालवलीस तर नाव, नाही तर जागा कोरी.

गेल्या वर्षी जिंकला ढकल्या. आईनं करंडक छातीशी धरला आणि सगळ्यांदेखत त्याच्याकडे पाठ फिरवली. मग वर्षभर एकच चर्चा: नाव कोरणार का?

ती सकाळ उजाडली. नाव कोरणारे चांदीवाले काका आपल्या दुकानात डोकं फुटून पडलेले सापडले. शेजारी रक्तानं माखलेला करंडक होता. आणि करंडकाशेजारी, गुडघे टेकून, कोपरापर्यंत लाल झालेला ढकल्या.

२

पोलिसांच्या आधी गर्दी पोचली. कुणी हेल्मेटनं त्याचा जबडा मोडला. कुणी त्याचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. "पुन्हा धर आता स्टिअरिंग," असं कुणीतरी म्हणालं, आणि बाकीचे हसले. पोलिसांनी ओढून काढला तेव्हा त्याचा एक डोळा सुजून नाहीसा झाला होता. त्याला ट्रॅकवरच्या मलमपट्टीच्या खोलीत ठेवावं लागलं, कारण गाडी बाहेर काढायला गर्दी वाट देईना.

तपासाला इन्स्पेक्टर बाई आल्या. खात्यात त्यांना मागे 'उसवणारी' म्हणत. शिवण दिसली की उसवून बघायची, ही त्यांची खोड.

"बाई, यात उसवायला काहीच नाही," हवालदार म्हणाले. "वैर जुनं, हात लाल, हत्यार समोर. जेवायच्या वेळेला घरी."

"डबा घरून निघाला का तुमचा?"

"निघाला असेल."

"मग इकडेच मागवून घ्या."

चांदीवाले काका पालथे पडले होते. कानामागं कवटी आत गेली होती, पिकल्या फळात अंगठा रुतावा तशी. एकदा मारून माणूस मेला होता, तरी मारणारा थांबला नव्हता. भिंतीवर, काकांच्या चष्म्यावर, चांदीच्या पाण्याच्या टाकीवर शिंतोडे होते. टाकी भरलेली होती. काळवंडलेल्या करंडकाला नव्यानं चांदी चढणार होती. बाकावर वस्तू पकडून धरायचा लोखंडी शिकंजा होता, त्याच्या जबड्यांना मऊ फडकं गुंडाळलेलं होतं. शिकंज्याजवळ एक जाडजूड पाना पडला होता आणि त्याच्या दांड्यात लांब नळी खुपसलेली होती.

"नळी कशाला?" हवालदारांनी विचारलं.

"जोर वाढवायला. काकांनी नट उघडला असणार. त्याशिवाय चांदी नीट चढत नाही." बाई करंडकापाशी खाली बसल्या. हबवर रक्त होतं, केस होते, कातडीचा तुकडा होता. आणि त्यावर घट्ट बसलेला नट मात्र नुकता पुसून ठेवलेल्या वाटीसारखा लख्ख.

"हवालदार, डोक्यात पितळी डबा घातला तर झाकण कोरडं राहील का?"

हवालदारांनी डोकं खाजवलं. "झाकण वेगळं ठेवलं असेल तर राहील."

"तसंच झालंय. नटाच्या कडेखालून आट्यांत रक्त गेलेलं दिसतंय. मारलं तेव्हा नट यावर नव्हताच. नंतर बसवला." त्या उठल्या. "समोर माणूस तडफडतोय, बाहेर लोक उठायला लागलेत. अशा वेळी पळायचं सोडून नट आवळत कोण बसेल?"

तेवढ्यात ट्रॅकच्या बाजूनं काच फुटल्याचा आवाज आला. मलमपट्टीच्या खोलीवर पहिला दगड पडला होता.

३

ढकल्याला बोलताना जबडा हातानं धरावा लागत होता. शब्द रक्तातून वाट काढत येत होते.

"काकांनी फोन केला. म्हणाले, 'ये लेकरा, तुझं नाव कोरतोय. पण आधी तुला काही दाखवायचंय.' आलो तर... अंग अजून गरम होतं. डोकं मांडीवर घेतलं. बस."

"काय दाखवणार होते?"

"नाही बोलले. रडत होते पण."

"रडत होते?"

"म्हणाले, 'आम्ही सगळ्यांनी तुला फार छळलं रे.'"

दुसरा दगड आला. खिडकीची उरलेली काच खाली सांडली. बाहेर कुणीतरी ओरडलं, "द्या त्याला बाहेर! करंडकावर त्याचंच डोकं कोरू!"

बाईंनी खुर्ची भिंतीआड सरकवली. "चाकाचा नट कसा उघडतात?"

ढकल्यानं चांगल्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. हा काय प्रश्न, असं. पण मग त्याच्या फुटक्या ओठांवर जुनं काही उमललं. "दादानं शिकवलंय. गॅरेजात पाऊल टाकलं की पहिला धडा. मला आणि भिंगरीला एकदमच शिकवला. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. उलटं केलंस तर मसणाकडे."

"म्हणजे?"

"डाव्या चाकाचा नट डावीकडे फिरवला की सुटतो. उजव्याचा उजवीकडे. आटेच तसे उलटसुलट पाडलेले असतात. असं असलं की गाडी धावेल तसा नट आवळत जातो. दोन्ही हब एकसारखे दिसतात, म्हणून अदलाबदल होऊ द्यायची नाही. झाली, तर गाडी जेवढी धावेल तेवढा नट सुटत जाणार."

बाईंनी हवेत मूठ आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, "करंडकातला हब कुठल्या बाजूचा?"

"डाव्या." त्याचा आवाज खाली गेला. "तेच चाक गेलं ना."

दारातून हवालदार धापा टाकत आत आले. "बाई, गर्दीनं पेट्रोलचा कॅन आणलाय. आपण चौघं आहोत. फार वेळ नाही आपल्याकडे."

४

भोंग्यांवर बोलणारे मामा, आईचे सख्खे भाऊ, शर्यतीच्या कचेरीत बसले होते. चहा गार झाला होता. साय धरलेल्या चहाकडे ते बघत होते.

"मामा, त्या दिवशी तुम्ही कुठून पाहिलंत?"

"माझ्या केबिनमधून."

"तिथून वळण दिसतं?"

मामांनी साय बोटानं बाजूला केली. "धूळ दिसते."

"मग ढकललं म्हणून कसं सांगितलंत?"

"भाचा होता हो माझा! दोन गाड्या वळणात गेल्या, एकीचा धूर निघाला. तोंडातून निघून गेलं. नंतर सगळेच म्हणायला लागले की आम्ही पाहिलं. मग मला वाटलं, असेल बुवा, मीही पाहिलं असेल. सुटलेला शब्द आणि सुटलेलं चाक, मागे कसं बोलवायचं?"

"आज सकाळी कुठे होता?"

"भोंगे तपासत. सगळ्यांनी ऐकलंय, 'एक दोन, एक दोन' करत होतो." ते ओशाळं हसले. "माझा पुरावा माझ्या तोंडातच असतो."

आई कोपऱ्यात बसली होती. पाठ ताठ होती, पदराचं टोक मुठीत होतं. तिच्या चेहऱ्यावर रडणं इतक्यांदा येऊन गेलं होतं की आता त्याची पायवाट पडली होती.

"आई, सकाळी काकांचा घरी फोन आला होता?"

"आला होता. दादानं घेतला."

"काय बोलणं झालं?"

"चांदी चढवायचं."

"शर्यतीच्या दिवशी तुम्ही कुठे उभ्या होतात? भिंगरीच्या शेवटच्या?"

आईनं खिडकीकडे मान वळवली. बाहेर दगडांचा आवाज येत होता. "पोरी," ती म्हणाली, "तुला लेकरं आहेत?"

"नाहीत."

"मग ते विचारू नकोस."

बाईंनी विचारलं नाही. त्यांनी दुकानातून करंडक, शिकंजा आणि पाना मागवून घेतला. त्यावरचे ठसे केव्हाच घेऊन झाले होते. पुसलेल्या नटावर कुणाचेच नव्हते. शिकंजा टेबलाला आवळला, त्यात करंडक धरला, पाना बाजूला ठेवला. "आत काहीतरी खुळखुळतंय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. खुळखुळत काहीच नव्हतं. "उघडायला हवं. हवालदार, हा डाव्या चाकाचा आहे. डावीकडे."

हवालदारांनी डावीकडे जोर लावला. चेहरा लाल झाला, नट हलला नाही. मामा उठले. म्हणाले, "आमच्या घरचं काम आहे, सरका." त्यांनीही डावीकडेच जोर लावला, मनगट चोळत मागे झाले. "गंजला असेल."

"दादांना बोलवा," बाई म्हणाल्या. "बाहेर गर्दीत आहेत."

दादा आला. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, ताज्या धुतलेल्या हातांना साबणाचा वास. "बाई, इथे वेळ काय घालवताय? लोक ऐकायच्या पलीकडे गेलेत. त्याला सोपवा आणि मोकळ्या व्हा."

"एवढा नट उघडून द्या. आत पुरावा आहे असं वाटतं. मग सोपवते."

"आत? आत काय असणार? काही नाही." दादानं वैतागून पाना उचलला, नटाला लावला, आणि एका झटक्यात फिरवला.

नट सुटला. लोण्यातून सुरी जावी तसा फिरत बाहेर आला.

दादा नट हातात धरून उभा होता. त्याच्या हातांना काय करून बसलो ते कळलं होतं, त्याला अजून कळायचं होतं.

"दादा," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "डाव्या चाकाचा नट तुम्ही उजवीकडे का फिरवलात?"

५

"हे दोघं डावीकडे झगडत होते तेव्हा तुम्ही बाहेर होता," बाई म्हणाल्या. "कुणी तुम्हाला सांगितलं नाही. हा धडा तुम्हीच सगळ्यांना शिकवलात, तरी तुमच्या हातानं तो मोडला. कारण या हबचे आटे उलटे आहेत हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक, सकाळी तासभर नळी लावून झगडलेले काका. दुसरा, आटे कुणाला दिसू नयेत म्हणून ज्यानं काका मेल्यावर नट परत बसवला तो."

दादा हसला. हसू ओठांवरच सुकलं.

"आणि हे बघा आटे," त्यांनी हबकडे बोट दाखवलं. "एकही चेपलेला नाही. धक्क्यानं चाक उपटलं असतं तर आटे फाटले असते. हा नट उपटला गेला नाही. वळणावळणाला आपोआप सुटत गेला. कारण उजव्या बाजूचा हब डावीकडे बसला होता. ढकल्याचा धक्का लागलाच नव्हता. काका त्याला हेच दाखवणार होते."

मामांच्या तोंडून "अरे देवा" एवढंच आलं.

दादानं पाना फिरवला. बाईंच्या डोक्याचा नेम होता. हवालदार मध्ये आले. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज वाळकी फांदी मोडावी तसा आला. हवालदार खाली बसले. दादा पाना पुन्हा वर उचलणार तोच मामांनी गार चहाची किटली त्याच्या तोंडावर मारली. धातूखाली नाक फुटलं. बाईंनी त्याचा हात मागे पिरगळून त्याला टेबलावर दाबला. गाल त्याच करंडकाला लागला. चांदीवर दोन रक्तं मिसळली.

"शर्यतीच्या आदल्या रात्रीचं जागरण होतं," दादा करंडकावरच बोलू लागला, नाकातून बुडबुडे येत होते. "भिंगरीला नवे ब्रेक हवे होते. म्हटलं, आपल्या भावाची गाडी, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. दोन्ही हब एकदम काढून ठेवले होते. शेजारीशेजारी. बसवताना..." तो थांबला. "तुकडे गोळा करताना कळलं. आईला तेच हवं होतं, नाही कसं म्हणू? म्हणून चांदीत पुरलं. दर वर्षी सगळ्यांच्या डोक्यावर नाचत होतं. कुणी विचारलं नाही."

"काकांनी विचारलं."

"विचारलं नाही. फोन करून सांगितलं, 'दादा, आटे कोरे आहेत, त्या पोराचा दोष नाही, आज भोंग्यांवर सांगायला हवं.' मी गेलो. पाया पडलो. म्हटलं, चांदी चढवा, झाकून टाका. काका म्हणाले, 'आधी त्याचं नाव चढेल, मग चांदी.'" दादानं डोळे मिटले. "हातात तेच होतं."

"आणि त्याला जमावाच्या हाती द्यायला निघाला होतात."

दादानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

आई मात्र उठली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही कधी. खुर्ची रिकामी होती आणि दार उघडं.

६

मलमपट्टीच्या खोलीपुढं गर्दी दाटली होती. दादाला बेड्या घालून बाई पोचल्या तेव्हा दारावर पेट्रोल ओतून झालं होतं. एका आडदांड माणसाच्या हातात काडी होती.

"थांबा! खुनी सापडलाय. भिंगरीच्या घरचाच आहे. हा निर्दोष आहे."

"पोलीस तर म्हणणारच!" कुणी ओरडलं. "घरचा? ज्याच्या घरचं लेकरू गेलं, त्यांच्यावरच घालताय?"

गर्दी पुढे सरकली. बाई दारात उभ्या राहिल्या. पाठीमागून पेट्रोलनं ओल्या लाकडाचा झोंबणारा वास येत होता. त्यांनी मनात हिशेब केला आणि तो जुळत नव्हता.

मग गर्दी मधून दुभंगू लागली. ओरडणारे गप्प होत गेले, एकामागून एक, वाऱ्यात दिवे जावेत तसे. आई चालत आली. कुणी तिला वाट दिली, कुणी नमस्कार केला. "आई, तुम्हीच लावा काडी," आडदांड माणूस म्हणाला आणि त्यानं काडीची पेटी तिच्यापुढं धरली.

तिनं ती घेतली. हवालदाराच्या जागी आलेला शिपाई पुढे झाला, पण बाईंनी त्याला हातानं थोपवलं. आईनं पेटी पदरात बांधली, दार ढकललं आणि उंबऱ्यात उभी राहिली. आत ढकल्या भिंतीला टेकून बसला होता. तिला पाहून त्यानं मोडक्या हातानं तोंड झाकलं, मार चुकवायला झाकावं तसं.

ती गर्दीकडे वळली नाही. त्याच्याशीच बोलली, पण इतकं मोठ्यानं की मागच्या रांगेलाही ऐकू गेलं.

"मी वळणाच्या कठड्यालाच उभी होते. माझ्या बाजूला धूळ नव्हती. चाक आधी निघालं, तू तेव्हा फार मागे होतास. तो उलटला, तू त्याच्यावर जाऊ नये म्हणून आपली गाडी भिंतीवर घातलीस. मी पाहिलं. चाक निघताना पाहिलं तेव्हाच समजले, ते कुणी बसवलं होतं. दादानं मला कधी सांगितलं नाही, मी त्याला कधी विचारलं नाही."

तिनं चौकटीला हात टेकला.

"माझा एक गेला होता रे. दुसरा जाऊ नये, म्हणून मी तुझ्या आईचा दिला."